सत्तावीस-बी: सहा ज्ञात, एकाला तडा

“पूर्व इंग्लंडातलं सर्वांत तीक्ष्ण नाक,” ऑगस्टस फॉदरगिल खिडकीबाहेर बघत म्हणाला, “सर्वांत थंड डोकं आणि गुन्हेगाराच्या काळजाचा ठाव घेणारी गरुडाची नजर. एकतीस वर्षांच्या सेवेत ज्याच्या हातून एकही गुन्हेगार निसटला नाही, असा... लिहितोयस ना, सिरिल?”

“नाकापर्यंत आलोय,” सिरिल टॅपस्कॉट म्हणाला.

मार्केट वेंडलिंग गावच्या साप्ताहिकात ऑगस्टसच्या खासगी गुप्तहेरगिरीची बारा शब्दांची जाहिरात द्यायची होती. बारा शब्दांत ऑगस्टसचं नाक जेमतेम मावत होतं. उरलेला ऑगस्टस कुठं कोंबायचा, हे सिरिलला कळत नव्हतं.

एकतीस वर्षांची सेवा म्हणजे वजन-मापं खात्यातली निरीक्षकगिरी. तिच्यात एकही गुन्हेगार निसटला नव्हता हे खरंच होतं, कारण सापडला एकच होता. तो एक खाटीक. त्याचा अंगठा तराजूत अडकला होता आणि तो सोडवायला त्यानंच रस्त्यावरून चाललेल्या ऑगस्टसला हाक मारली होती. निवृत्त झाल्यावर ऑगस्टस आपल्या बहिणीकडे, म्हणजे सिरिलच्या बायकोकडे, दोन आठवड्यांसाठी राहायला आला. त्याला आता चार वर्षं झाली होती. जो मनुष्य दोन आठवडे मोजू शकत नाही त्याच्या हातात सरकारनं देशातली सगळी वजनं-मापं कशी सोपवली, असा विचार सिरिलच्या मनात अधूनमधून येई. पण तो सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस होता. मागं बसलेला कितीही बडबडला तरी समोरच्या रस्त्यावर लक्ष ठेवायची त्याला सवय होती.

तर या ऑगस्टसला थर्केटलसाहेबांचं प्रकरण मिळालं, ते सिरिलच्याच चुकीमुळे.

दर गुरुवारी दुपारी चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांच्या षौकिनांची मंडळी जमे. सभासद अकरा, खुर्च्या नऊ. चहाचं डॉट नावाची बाई बघायची. मंडळींतले सर्वांत ज्येष्ठ म्हणजे ऑब्री थर्केटल, वय अठ्ठ्याहत्तर, पेशानं औषधविक्रेते. त्यांनी १९५८ साली ब्रिटनच्या तांब्याच्या नाण्यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. संग्राहक त्याला नुसतं ‘थर्केटल’ म्हणत. “थर्केटलमध्ये बघ” म्हटलं की वाद मिटायचा, आणि बघितलं की नवा वाद सुरू व्हायचा. कारण ग्रंथात चुका होत्या. अगदी थोड्या, म्हणजे दोनशे चौदा. पान एक्केचाळीसवर चौथ्या जॉर्जच्या चित्राखाली व्हिक्टोरिया राणीचं नाव होतं. पान साठवर नाण्यावरची ब्रिटानिया देवी डोक्यावर उभी होती. आणि पान सत्त्याहत्तरवर एका फार्दिंगचं, म्हणजे पाव पेनीच्या चिमुकल्या नाण्याचं, वजन साडेचार पौंड दिलं होतं. ते पान वाचून ऑगस्टस दोन दिवस जेवला नव्हता. “असली सहा नाणी खिशात टाकून निघालेला माणूस,” तो म्हणे, “विजारीसकट जमिनीत गेला असता!”

या चुकांवर कुणाचा राग नव्हता. थर्केटलसाहेब स्वतःच त्या हसत हसत दाखवत. “हस्ताक्षर माझं औषधविक्रेत्याचं,” ते म्हणत. “ते फक्त मॅबेलला वाचता यायचं. छापणाऱ्यांना मॅबेल नव्हती.” मॅबेल म्हणजे त्यांची बायको. तिनं अख्खा ग्रंथ स्वयंपाकघरातल्या टेबलावर टंकून काढला होता. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती.

पण एक नोंद मात्र अशी होती की तिच्यावर कुणी हसत नसे. पान बत्तीस. तिसऱ्या जॉर्जची १८०६ सालची हाफपेनी, म्हणजे अर्धी पेनी. क्रमांक सत्तावीस साधी, सत्तावीस-ए जराशी निराळी आणि तिच्याखाली ही ओळ:

‘२७-बी. वरीलप्रमाणेच, परंतु तपकिरी. सहा ज्ञात. एकाला तडा. स्कॅटरगुड संग्रह.’

बस्स. या एका ओळीवर पंधरा वर्षांत केवढं पांडित्य उभं राहिलं होतं! तपकिरी म्हणजे टांकसाळीनं बड्या लोकांना नजराणा द्यायला काढलेल्या खास नाण्यांवरचा तपकिरी मुलामा, हे विद्वानांनी एकमतानं ठरवलं. तडा म्हणजे टांकसाळीच्या साच्याला गेलेला तडा, याबद्दलही दुमत नव्हतं. दुमत होतं ते तडा राजाच्या नाकाकडून कानाकडे जातो की कानाकडून नाकाकडे, यावर. त्याविषयी एका नियतकालिकात चौदा पानी लेख आला होता आणि त्याला सोळा पानी उत्तर. लेखकांपैकी कुणीही ते नाणं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे चर्चा फार उच्च पातळीवर राहिली.

आणि मग एका गुरुवारी, चहानंतर, थर्केटलसाहेबांनी सिरिलला कोपऱ्यात बोलावलं. त्यांच्या हातात लंडनहून आलेलं पत्र होतं.

“प्रकाशक नवी आवृत्ती काढतायत,” ते म्हणाले.

“अरे वा! अभिनंदन!”

“पुढं वाच.”

सिरिलनं वाचलं. नव्या आवृत्तीत २७-बीचं छायाचित्र हवं होतं. आपल्या सभासदांपैकी श्री. पिंचबेक यांच्याकडे त्याचा एक नग आहे, असं त्यांनी कळवलं होतं. श्री. पिंचबेक यांनी असंही कळवलं होतं की, हे नाणं आपण कधी कुठं पाहिलंत हे विचारल्यावर आपल्याला सांगता आलं नाही. आपल्या वयाचा पूर्ण आदर राखून प्रकाशक विचारत होते की, संपादनाचं काम आता तल्लख स्मरणशक्तीच्या माणसाकडे, उदाहरणार्थ श्री. पिंचबेक यांच्याकडे, सोपवावं का? खुलासा पंचवीस तारखेपर्यंत.

जेरल्ड पिंचबेक हा गावातला नाण्यांचा व्यापारी. पिंचबेक म्हणजे सोन्यासारखं दिसणारं पितळ. पण आडनाव काही कुणी स्वतः निवडत नाही. बाकी सगळं मात्र त्यानं स्वतः निवडलं होतं: गुळगुळीत केस, गुळगुळीत आवाज आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “असं आपलं माझं मत.”

“मग सांगून टाका की कुठं पाहिलंत ते,” सिरिल म्हणाला.

थर्केटलसाहेबांनी चष्मा काढला. “तेच तर, सिरिल. मला आठवत नाही. क्रमांक सत्तावीस कुठं पाहिलं, ते आठवतं. नॉरिचमध्ये, पावसात, माझी छत्री बसमध्ये राहिली होती. सत्तावीस-ए कुणी दाखवलं, त्याच्या कुत्र्याचं नावसुद्धा आठवतं. आणि सत्तावीस-बी, माझ्याच पुस्तकातलं सर्वांत प्रसिद्ध नाणं...” त्यांनी हात हवेत पसरले. “नुसतं धुकं. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरायचे, मग नावं, मग आम्हाला.”

वीस वर्षांपूर्वी बसच्या गल्ल्यात सिरिलला एक झिजकी पेनी सापडली होती. बाजारात तिला कुणी विचारलं नसतं. पण हा माणूस तासभर भिंग लावून तिच्याकडे बघत बसला होता आणि शेवटी म्हणाला होता, “बिचारी किती हातांतून फिरलीय!” त्या दिवसापासून सिरिल मंडळात येत होता.

म्हणून घरी आल्यावर तो जेवणाच्या टेबलावर गप्प गप्प होता. बायकोनं, आयव्हीनं, “काय झालं?” विचारलं. आणि सिरिलनं ऑगस्टससमोर सगळं सांगून टाकलं. ही ती चूक.

ऑगस्टसनं काटा खाली ठेवला. डोळे मिटले. “नाहीसं झालेलं नाणं,” तो पुटपुटला. “गूढ संग्राहक. पुसलेली स्मृती. सिरिल, तुझी टोपी घे.”

“पुडिंग व्हायचंय अजून,” आयव्ही म्हणाली.

“पुडिंग झाल्यावर तुझी टोपी घे,” ऑगस्टस म्हणाला.

पहिला सिद्धान्त दुसऱ्या दिवशी सकाळी तयार झाला. स्कॅटरगुड हा कुणी साधासुधा माणूस नव्हे. ते एखाद्या उमरावाचं टोपणनाव असणार. “खरा संग्राहक कधी खऱ्या नावानं वावरतो का?” ऑगस्टसनं विचारलं. अकराही सभासद खऱ्या नावानं वावरतात, असं सिरिलनं दाखवून दिल्यावर तो म्हणाला, “म्हणूनच त्यांच्याकडे सत्तावीस-बी नाही.”

त्यानं वाचनालयातल्या टेलिफोनच्या पुस्तकांतून देशभरातले एक्केचाळीस स्कॅटरगुड शोधले. एक्केचाळीस पत्रं सिरिलनं लिहिली. उत्तरं सात आली. एक स्कॅटरगुड ट्रॅक्टर विकत होते. एक पाद्री होते आणि ऑगस्टससाठी प्रार्थना करणार होते. डर्बीच्या स्कॅटरगुडबाईंनी कळवलं की त्यांच्याकडे नाणी नाहीत, पण कुत्रीची पिल्लं आहेत, हवीत का? ऑगस्टसनं ते पत्र भिंगाखाली तीनदा तपासलं. “पिल्लं किती?” त्यानं विचारलं.

“पाच.”

“अरेरे,” ऑगस्टस म्हणाला. “सहा असती तर!”

दुसरा सिद्धान्त सांकेतिक भाषेचा. ही नोंद नाण्याची नाहीच. तो एक निरोप आहे, हे ऑगस्टसला अंघोळ करताना सुचलं. सत्तावीस म्हणजे बस क्रमांक सत्तावीस. सहा म्हणजे सहावा थांबा. तपकिरी, म्हणजे ब्राउन, हे तिथल्या माणसाचं आडनाव.

“सत्तावीस नंबरची बस मी सव्वीस वर्षं चालवली,” सिरिल म्हणाला. “सत्तावीस-बी अशी बसच नाही.”

“नाही ना?” ऑगस्टसचे डोळे चमकले. “किती बेमालूम लपवलीय बघ!”

दोघं सत्तावीस नंबरच्या बसमध्ये बसले. सहावा थांबा आला तेव्हा समोर पाटी दिसली: ‘ब्राउन आणि मुलगे’. ऑगस्टसनं सिरिलचा दंड इतक्या जोरात आवळला की तिथं चार बोटं उमटली. मग त्यानं पाटीवरची दुसरी ओळ वाचायच्या आत दार ढकललं. दुसऱ्या ओळीत ‘शवपेट्या व अंत्यविधीची सर्व व्यवस्था’ असं लिहिलेलं होतं.

काळ्या कोटातले म्हातारे ब्राउन हात जोडून पुढं आले.

“तुमच्याकडे सहा आहेत, असं कळलं,” ऑगस्टस दबक्या आवाजात म्हणाला.

“सध्या चारच तयार आहेत,” ब्राउन तितक्याच दबक्या आवाजात म्हणाले. “पण सहा लागणार असतील तर... अरे देवा, एकाच घरातले का?”

“त्यांतल्या एकाला तडा आहे, हेही मला ठाऊक आहे.”

ब्राउन ताठ झाले. “आमच्या मालाला तडा? साहेब, पंचेचाळीस वर्षं हा धंदा करतोय. आजवर वापरणाऱ्या एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केलेली नाही!”

बाहेर पडल्यावर परतीच्या बसला पाऊण तास होता. ऑगस्टस तेवढा वेळ गप्प होता. सिरिलला ते इतकं आवडलं, की बस उशिरा आली तरी चालेल असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिसरा सिद्धान्त मात्र हसण्यासारखा नव्हता. तेवीस तारखेला चहाच्या वेळी ऑगस्टसनं जाहीर केलं, “सिरिल, गुन्हेगार सापडला. थर्केटल.”

“काय?”

“विचार कर. त्याला नाणं आठवत नाही. का? कारण ते त्यानं कधी पाहिलंच नाही. का? कारण ते नाहीच. मग लिहिलं का? कीर्तीसाठी! प्रत्येक ग्रंथाला एक दंतकथा लागते. म्हाताऱ्यानं ती बनवली आणि आता विसरल्याचं सोंग करतोय.”

सिरिलनं कप खाली ठेवला. चार वर्षांत तो कधी आवाज चढवून बोलला नव्हता. “ऑगस्टस, तो माणूस आपल्या वडिलांसारखं आपलंही होणार म्हणून झोपेनासा झालाय. आणि तू त्याला लबाड म्हणतोस? परवा त्या हॉलमध्ये हा शब्द काढलास तर तुझी बॅग मी स्वतः भरीन. दोन आठवडे संपलेत!”

“कुठले दोन आठवडे?” ऑगस्टसनं भाबडेपणानं विचारलं. पण त्याचा चेहरा जरा उतरला. कारण पंचवीस तारखेला सगळ्यांनी हजर राहावं, ‘रहस्यभेद होईल’, अशी पत्रं त्यानं आधीच टाकली होती. प्रकाशकांनासुद्धा.

पंचवीस तारखेला हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. लंडनहून प्रकाशकांचे लेथब्रिज नावाचे गृहस्थ आले होते. चाळिशीचे, सभ्य, गुडघ्यांवर चामडी बॅग. पिंचबेक पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याच्या मांडीवर निळ्या मखमलीची एक डबी होती. थर्केटलसाहेब अगदी कडेला बसले होते. त्यांनी चांगला कोट घातला होता, आणि गुंड्या एकेक घर चुकवून लावल्या होत्या. सिरिल शेजारी बसला आणि त्यानं न बोलता त्या नीट लावून दिल्या.

“मी उठून सांगून टाकतो,” थर्केटलसाहेब कुजबुजले. “काम त्यालाच देऊ देत. निदान त्याच्याकडे नाणं तरी आहे.”

“चहापर्यंत थांबा,” सिरिल म्हणाला. चहानं काय होणार होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

ऑगस्टस मधोमध उभा राहिला. “सभ्य स्त्री-पुरुषहो! या खोलीतल्या प्रत्येकाची मी कसून चौकशी केली आहे. शेगडी दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा सोडलेलं नाही.” हे खरं होतं. शेगडीवाल्यानं तर दोन दिवस काम बंद ठेवलं होतं. “आणि मी अशा निष्कर्षाला आलो आहे, की...” त्याची नजर थर्केटलसाहेबांकडे वळली, मग सिरिलकडे गेली आणि तिथं त्याला बहुधा आपली बॅग दिसली. “...की नाणी बनवणाऱ्या टांकसाळीतच एक फितूर होता!”

“एकशे सदुसष्ट वर्षांपूर्वी?” लेथब्रिजनी विचारलं.

“म्हणूनच तो अजून सापडलेला नाही!”

पिंचबेक खोकला. “आपण मूळ मुद्द्याकडे वळू या का? नाणं आहे. ते माझ्याजवळ आहे.” त्यानं डबी उघडली. मखमलीवर एक तपकिरी हाफपेनी होती आणि तिच्यावर राजाच्या गालापासून एक बारीक रेघ गेली होती. “तपकिरी मुलामा, साच्याचा तडा, सगळं जसंच्या तसं. पूर्वी स्कॅटरगुड संग्रहात. मी स्वतः खात्री केली आहे. प्रश्न फक्त एवढाच, की ज्या लेखकाला आपण लिहिलेलं आठवत नाही, त्याच्या हाती ग्रंथ ठेवावा का? असं आपलं माझं मत.”

थर्केटलसाहेब उठू लागले. सिरिलनं त्यांची बाही धरली. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार खांद्यानं ढकलून डॉट चहाचा ट्रे घेऊन आत आली.

डॉट दहा वर्षं दर गुरुवारी येत होती. ती पाणी उकळत असायची तेव्हा मंडळी नाण्यांवर बोलत, आणि ती चहा घेऊन आली की चहावर बोलत. त्यामुळे एकमेकांचं बोलणं दोन्ही पक्षांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. ऑगस्टसनं तिची चौकशी केली नव्हती, कारण चहावाल्या बाईचा नाण्यांशी काय संबंध?

“बाई, जरा थांबा,” ऑगस्टस हात वर करून म्हणाला. “मी नोंद वाचतोय. ‘सत्तावीस-बी! तपकिरी! सहा ज्ञात! एकाला तडा! स्कॅटरगुड संग्रह!’”

डॉट ट्रेसकट थांबली.

“ही माझी अंडी तुमच्या पुस्तकात कशी आली?” ती म्हणाली.

“कोणती अंडी?” सिरिलनं विचारलं.

“अरे राजा, माझी. मी आता डॉट पेल, पण पेलशी लग्न करायच्या आधी मी स्कॅटरगुड होते ना, पहिल्या नवऱ्याची. कोंबड्या होत्या आमच्या. गुरांच्या बाजारामागं सत्तावीस-बीमध्ये नुकती राहायला गेले होते.” तिनं ट्रे पिंचबेकच्या मांडीवरच्या डबीशेजारी टेकवला. “थर्केटलबाईंकडे दर मंगळवारी सहा अंडी द्यायची मी. त्यांना तपकिरीच लागायची. एकदा एक तडकलं वाटेत. मी म्हटलं, बाई, पुढच्या वेळी एक जास्त देते, पण माझा डबा तेवढा नव्या घरी पोचता करा. तर त्या टेबलाशी बसून खडखड करत होत्या. म्हणाल्या, ‘थांब, विसरीन, लिहूनच ठेवते.’ आणि मशिनीत जो कागद होता त्याच्यावरच खडखड केलं.” तिनं सगळ्यांकडे पाहिलं. “डबा काही आला नाही परत.”

थर्केटलसाहेब उभे होते. “सिरिल,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आज पहिल्यांदाच नीट लागला होता, “माझ्या पलंगाखाली हिरवी पेटी आहे. मॅबेलच्या कार्बन प्रती. किल्ली घड्याळाच्या मागं.”

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. सिरिल पळत गेला. सव्वीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाला पळायची सवय नसते. परत आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं पेटी नुसती लेथब्रिजच्या पुढ्यात ठेवली.

पानाला पिवळटपणा आला होता. क्रमांक सत्तावीस, सत्तावीस-ए, सगळं सुबक, ओळीत. आणि त्याखाली जरा तिरकी, घाईत टंकलेली एक ओळ: ‘२७-बी स्कॅटरगुड. ६ तपकिरी. १ तडकलं.’

“पण पुस्तकात तर ‘वरीलप्रमाणेच, परंतु’ असं आहे,” सिरिल धापा टाकत म्हणाला. “‘ज्ञात’ आहे. ‘संग्रह’ आहे.”

लेथब्रिजचे कान लाल झाले. ती लाली कानांपासून सुरू होऊन कॉलरपर्यंत उतरली. “मी तेव्हा नवीन होतो,” ते म्हणाले. “पहिलंच पुस्तक. मला वाटलं, लेखकानं घाईत टिपण केलंय, आपण जरा शैली सुधारावी.”

“आणि मुद्रितं?” कुणीतरी विचारलं. “ती कुणी तपासली?”

“मीच,” थर्केटलसाहेब म्हणाले. “मॅबेलनं टंकलंय म्हटल्यावर तिथं चूक असेल, असं माझ्या मनातच आलं नाही.”

आता सगळ्यांच्या नजरा हळूहळू पिंचबेकच्या मांडीकडे वळल्या. डॉटनं वाकून डबीत पाहिलं.

“मग हे काय आहे?” तिनं विचारलं. “सातवं?”

“हा... तज्ज्ञांमध्ये मतभेद असू शकतात,” पिंचबेक म्हणाला.

“तुम्ही स्वतः खात्री केली होतीत,” लेथब्रिज म्हणाले. “स्कॅटरगुड संग्रहातून आल्याची.”

“माझ्याकडून तर कुणी काही नेलं नाही,” डॉट म्हणाली. “आणि मखमलीत तर मी कधीच दिली नाहीत.”

थर्केटलसाहेबांनी पुढं होऊन ती हाफपेनी उचलली, खिशातलं भिंग लावलं आणि क्षणभर बघितलं. “क्रमांक सत्तावीस,” ते म्हणाले. “साधी. तपकिरी आहे, कारण जुनं तांबं तपकिरीच होतं. आणि हा चरा. किल्ल्यांबरोबर खिशात ठेवली असावी कुणीतरी.” त्यांनी ती परत डबीत ठेवली, अगदी हळुवार, कारण त्यात नाण्याचा काही दोष नव्हता.

पिंचबेकनं डबी मिटली आणि मांडीवरचा ट्रे टेबलावर सरकवला. त्याला एकदम दुकानातलं काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं. दारापाशी जाऊन तो वळला, बहुधा आपलं मत सांगायला, पण ते कुणाला नको आहे असं दिसल्यावर तसाच गेला.

“अंडी!” ऑगस्टसनं टेबलावर मूठ आपटली. “सिरिल, मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो? या प्रकरणाच्या मागे एक स्त्री आहे!”

“तू उमराव म्हणत होतास.”

“उमरावाची स्त्री,” ऑगस्टस म्हणाला, आणि एकदम खुर्चीत बसला. मग जरा वेळानं, अगदी हळू आवाजात, फक्त सिरिलला ऐकू जाईल असं विचारलं, “बॅग भरायची का रे?”

सिरिलनं त्याच्याकडे बघितलं. पूर्व इंग्लंडातलं सर्वांत तीक्ष्ण नाक लाल झालं होतं. म्हाताऱ्यावरचा आळ त्यानं शेवटच्या क्षणी गिळला होता, हेही खरं होतं. आणि गिळलेल्या शब्दानं तो जन्मात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला होता.

“आयव्हीनं आज मटणाचा पाय केलाय,” सिरिल म्हणाला. “तिघांपुरता.”

लेथब्रिजनी उठून थर्केटलसाहेबांची रीतसर माफी मागितली. नवी आवृत्ती अर्थातच त्यांच्याच संपादनाखाली निघेल. दोनशे चौदा चुका आता दोनशे पंधरा झाल्या आहेत, तेव्हा त्यांनी मार्चपर्यंत दुरुस्त्या द्याव्यात. सत्तावीस-बी वगळण्यात येईल.

“एक विनंती आहे,” थर्केटलसाहेब म्हणाले. “जुन्या प्रस्तावनेत मी चौदा जणांचे आभार मानलेत. नऊ संग्राहक, चार संग्रहालयं आणि वजनकाटा उसना देणारा एक सोनार. मॅबेलचं नाव नाही. का नाही, देव जाणे. ती शेजारच्याच खोलीत होती म्हणून असेल. ते पहिलं घाला.”

“जरूर.”

“आणि मी विसरलो नव्हतो,” ते सिरिलकडे वळून म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण ते हसत होते. “बघितलंच नव्हतं, तर आठवणार काय? माझं डोकं ठीक आहे, सिरिल. सत्तावीस-बी मी जन्मात कधी पाहिलंच नाही!”

“पाहिलंत की,” डॉट कप भरता भरता म्हणाली. “तडकलेलं उकडता येत नाही, म्हणून बाईंनी ते तिथल्या तिथं तळलं आणि तुमच्यापुढं ठेवलं. मी दारातच उभी होते. तुम्ही भिंग घेऊन कसलंसं नाणं बघत होतात. वर न बघता खाल्लंत, आणि म्हणालात, ‘मीठ कमी आहे.’”

थर्केटलसाहेबांनी लेथब्रिजच्या हातातलं ते पिवळं पान घेतलं, खिशातून पेन काढलं, आणि त्या तिरक्या ओळीपुढं, औषधविक्रेत्याच्या त्या कुणालाच न लागणाऱ्या अक्षरात, काहीतरी लिहिलं. लेथब्रिजनी पान उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि शेवटी हताशपणे विचारलं, “हे काय लिहिलंय?”

“‘एक नग लेखकानं स्वतः तपासला आहे,’” थर्केटलसाहेब म्हणाले. “‘उत्तम होता.’”